क्लासची गाडी पळते, घरची का बंद पडते?

प्रश्न : मी सांगलीची, वय ४६. दिवाळीनंतर ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरा दिवसांचा कोर्स केला. क्लासच्या गाडीवर सगळं छान जमत होतं. मास्तर म्हणाले, "ताई, तुम्ही तयार झालात." पक्कं लायसन्सही हातात आलं. पण घरची गाडी गल्लीतून बाहेर काढताना तीन-तीनदा बंद पडते. मागून हॉर्न सुरू झाले की हातपाय गळतात आणि मी किल्ली मुलाकडे देऊन मोकळी होते. दोष माझा की गाडीचा? पुन्हा क्लास लावायचा झाला तर तो पारखून कसा घ्यायचा?

उत्तर : दोष तुमचा नाही आणि गाडीचाही नाही. क्लासच्या गाडीत चार पाय काम करत होते, घरच्या गाडीत दोनच आहेत.

स्कूलच्या मोटारीत मास्तर बसतात त्या डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं असतात. याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटारसायकल सोडून स्कूलच्या प्रत्येक गाडीला ही सोय सक्तीची आहे, आणि ती असायलाच हवी. समोर एकाएकी म्हैस आली तर नवशिका माणूस काय दाबेल याचा नेम नसतो. सर्वसाधारणपणे ही पेडलं तारेने किंवा दांडीने तुमच्याच पेडलांना जोडलेली असतात. मास्तरांनी क्लच दाबला की तुमच्या पायाखालचा क्लचही आपसूक खाली जातो.

मग काय होतं पाहा. सिग्नल सुटतो, तुम्ही पहिला गिअर टाकता आणि क्लच जरा घाईनं सोडता. गाडी आचका देणार, एवढ्यात मास्तर त्यांच्या बाजूनं क्लच बोटभर दाबून धरतात. गाडी गुमान पुढे निघते आणि तुम्हाला वाटतं, जमलं! यात मास्तरांचं कपट नसतं. त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक शिकणारे घ्यायचे असतात, भर चौकात गाडी बंद पडली तर शिव्या त्यांनाही बसतात. पण पंधरा दिवस हेच चाललं तर शिकणारा शेवटी शिकतो काय? स्टेअरिंग धरायला आणि मान डोलवायला. सगळ्यात अवघड काम, म्हणजे थांबलेली गाडी हलवणं, दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.

ते अवघड का, हे कळलं तर निम्मी भीती जाते. पेट्रोल इंजिन नुसतं चालू असतं तेव्हाही मिनिटाला साधारण आठशे फेरे घेत असतं. चाकं मात्र जागच्या जागी. फिरणाऱ्या इंजिनाची आणि थांबलेल्या चाकांची गाठ घालून द्यायची, हे क्लचचं काम. एका बाजूला इंजिनाबरोबर फिरणारं जड फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सकडे जाणारी क्लच प्लेट. पाय पूर्ण दाबलेला असेल तर दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. पाय हळूहळू वर घेतला की एका ठिकाणी प्लेट फ्लायव्हीलला घासायला लागते. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते, गाडीचं नाक जरा उचलल्यासारखं वाटतं. हाच तो हाफ क्लच. तिथं पाय क्षणभर रोखून धरला तर प्लेट घासत घासत चाकांना वेग देते. न रोखता सोडून दिला तर उभ्या गाडीचं सगळं ओझं एका झटक्यात इंजिनावर येतं, फेरे घसरतात आणि इंजिनाला स्वतःलाच फिरवणं जमेनासं होतं. गाडी बंद पडते ती अशी.

ही हाफ क्लचची जागा प्रत्येक गाडीत निराळी असते. क्लासच्या गाडीची प्लेट रोज नवनव्या पायांखाली झिजलेली असते. तिथं क्लच बराच वर आल्यावर पकडतो. तुमच्या घरच्या गाडीत बहुधा तो खालीच पकडतो, आणि पायाला सवय वरची. शिवाय क्लासची गाडी डिझेलची असेल तर फरक आणखी जाणवतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही जोर लावतं, त्यामुळे अशी चूक ते पोटात घालतं. लहान पेट्रोल गाडीत तेवढी सवलत मिळत नाही.

तेव्हा पुन्हा पंधरा दिवसांचा कोर्स लावण्याआधी एक करा. रविवारी सकाळी सपाट, रिकामं मैदान गाठा. शेजारी कुणीतरी मुरलेला चालक बसवा, फक्त तो न बोलणारा हवा. उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवा, ॲक्सिलरेटरला मुळीच लावू नका. पहिला गिअर टाकून क्लच इतका सावकाश वर घ्या की गाडी नुसत्या क्लचवर मुंगीच्या पावलांनी सरकू लागेल. आजकालच्या गाड्यांत इंजिन मंद होऊ लागलं की इंधन आपोआप थोडं वाढतं, त्यामुळे सपाट जमिनीवर हे जमतं. सरकली की थांबवा, पुन्हा सरकवा. बंद पडली तर पडू द्या, मैदानात हॉर्न वाजवायला कोणी नाही. पायाला ती जागा कळेपर्यंत हेच चालू ठेवा. नंतर ॲक्सिलरेटर हलकेच जोडा, मग किंचित चढाची जागा शोधा. गल्लीच्या तोंडाशी तुमची जी त्रेधा उडते, ती बरीचशी इथंच संपेल.

एवढं करूनही मास्तर हवेत असं वाटलं तर अख्खा कोर्स घेऊ नका. पक्कं लायसन्स असल्यामुळे तुम्हाला तुमच्याच गाडीत शिकवणारा माणूस घेता येतो, तासावर. बऱ्याच स्कूलमध्ये अशी सोय असते, पाटीवर लिहिलेली नसली तरी विचारल्यावर कळते. घरच्या गाडीत ड्युअल कंट्रोल नाही म्हणून मास्तर आधी जरा कुरकुरतील. त्यांची ती कुरकुर तुमच्या फायद्याची आहे. मैदानात सराव झाल्याशिवाय मात्र त्यांना थेट बाजारपेठेत नेऊ नका.

आता क्लास पारखण्याचा तुमचा दुसरा प्रश्न. तो तुमच्या जाऊबाईंच्या, नणंदेच्या किंवा मुलाच्या मित्राच्या कामी येईल.

आपल्याकडच्या क्लासच्या धंद्यात दोन माल शेजारी-शेजारी विकायला असतात, लायसन्स आणि शिकवणी. पाटी एकच, त्यामुळे गिऱ्हाइकाला फरक उमगत नाही. मी तर ऑफिसात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य काय कानावर येतं ते ऐकायला सांगेन. "लायसन्ससकट एवढे, लायसन्स सोडून एवढे," अशी सुरुवात झाली तर तिथं मुख्य धंदा कागदाचा आहे. "आधी दुचाकी चालवलीय का? घरी कोणती गाडी आहे? कोणत्या वेळी जमेल?" असं कुणी विचारलं तर तिथं बसून चहा प्यायला हरकत नाही.

लायसन्सचं पॅकेज घेण्यात बेकायदा काही नाही, पण त्यात नेमके कशाचे पैसे मोजतो ते ठाऊक असावं. केंद्रीय नियमांत मोटारीच्या शिकाऊ लायसन्ससाठी १५० रुपये आणि त्याच्या चाचणीचे ५० आहेत. पक्क्या लायसन्ससाठी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. सगळे मिळून ७००. त्यापुढचा आकडा फॉर्म भरण्याचा, रांगेचा आणि 'ओळखीचा' असतो. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या मदतीनं शिकाऊ लायसन्सची चाचणी घरबसल्या संगणकावर देता येते. ज्यानं स्वतः रेल्वेचं तिकीट काढलंय, त्याला हा फॉर्म भरायला एजंट लागू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. स्कूल चालवायला आरटीओचा परवाना लागतो, त्याचा नमुना फॉर्म ११. मूळ परवाना आणि शिकवणाऱ्यांची नावं ऑफिसात दिसतील अशी लावावी लागतात, गाडीवर स्कूलचं नाव-पत्ता ठळक अक्षरांत लागतो. शिकवणारा निदान दहावी पास, ५ वर्षं गाडी चालवलेला आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला हवा. वाहतूक चिन्हांचे तक्ते, फळा, इंजिन आणि गिअरबॉक्स, प्रथमोपचाराची पेटी हेही नियमांत आहे. गिअरबॉक्स अनेक ठिकाणी कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. मास्तरांना त्याच्यावरून क्लच समजावून सांगायची विनंती करा. ते आनंदानं उठले तर माणूस चांगला. "ते काय करायचंय तुम्हाला, गाडीवर बसल्यावर कळेल," असं म्हणाले तर तेही लक्षात ठेवा.

माझा सगळा जोर मात्र तासांवर आहे. नियम ३१ सांगतो की खासगी मोटारीचं प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी नको आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास निदान १० हवेत. आता जाहिरातीतला हिशेब करा. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे साडेसात तास. त्यातून वाटेत दुसऱ्या विद्यार्थ्याला घ्यायला गेलेला वेळ वजा करा, पेट्रोल पंपावरची रांग वजा करा, मास्तरांचे फोन वजा करा. उरलेल्या वेळात मास्तरांचे पाय किती काळ पेडलवर होते तेही वजा केलं तर हाती काय राहतं? तुमच्या अनुभवाचं उत्तर याच वजाबाकीत आहे.

काही ठिकाणी तासांऐवजी किलोमीटर सांगतात, 'रोज ५ किलोमीटर'. सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर ५ किलोमीटर पंधरा मिनिटांच्या आत संपतात, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सरळ रेषेत. किलोमीटरचा हिशेब पेट्रोलसाठी ठीक, शिकण्यासाठी कुचकामी. रिव्हर्स घेण्यात अर्धा तास घालवला तर अंतर शंभर मीटरही होत नाही, पण शिकणं त्यातच सगळ्यात जास्त होतं. म्हणून बोली मिनिटांत करा, आणि स्टेअरिंग माझ्या हातात असलेली मिनिटंच धरायची, असं आधीच सांगून टाका. प्रत्येक विद्यार्थ्यानं किती तास गाडी चालवली याचं रजिस्टर स्कूलनं ठेवायचं असतं, फॉर्म १५ मध्ये. ते बघायला मागणं हा उद्धटपणा नाही.

गाडीत आणखी एक-दोन विद्यार्थी मागे बसलेले असतात, त्याबद्दल लोक फार तक्रार करतात. मला त्यात तेवढं वाईट वाटत नाही. दुसऱ्याची चूक मागून पाहताना जे कळतं ते स्वतःच्या घामाघूम अवस्थेत कळत नाही. फक्त मागे बसलेला वेळ तुमच्या तासांत धरला जाता कामा नये.

मागच्या सीटची दुसरी गंमत म्हणजे क्लास ठरवण्याआधी तिथं एकदा बसून येता येतं. "एक फेरी नुसतं बघायला येऊ का?" असं विचारा. नाही म्हणणारा क्लास तिथल्या तिथं सोडा. बसायला मिळालं तर रस्ता बघू नका, मास्तरांचा पाय बघा. शिकणारा चुकला की पाय लगेच पेडलवर जातो की चूक होऊ देऊन मग तोंडानं सांगतात? उजवा हात स्टेअरिंगवर कायमचा मुक्कामाला आहे का? 'क्लच... क्लच... अहो क्लच!' एवढंच चाललंय, की गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं काय चुकलं ते समजावतात? आवाज चढवणारे मास्तर काहींना चालतात. तुम्हाला चालत नसतील तर दुसऱ्या दिवशीच बदलून मागा. फी तुम्ही भरलीय, भिडेखातर पंधरा दिवस अपमान सोसायचं कारण नाही.

क्लास ठरल्यावर त्यातून पुरेपूर कसं काढायचं? पहिले चार-पाच दिवस मास्तर सांगतील तसं करा. त्यानंतर रोज गाडीत बसल्यावर तुम्हीच विषय सांगा. "आज रिव्हर्सच करायचा." "आज चढावर थांबवून निघायचं." सांगितलं नाही तर मास्तर सवयीनं त्याच रस्त्यानं तीच फेरी मारतील. आणि पायाला जागा सापडू लागली की एके दिवशी स्वच्छ म्हणा, "सर, आज तुमचे दोन्ही पाय मॅटवर ठेवा. अपघात होणार असेल तरच उचला." त्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडेल. कोर्सची फी खऱ्या अर्थानं वसूल व्हायला सुरुवात होते ती त्या दिवसापासून.

चढाचं काम अंगवळणी पडेपर्यंत सोडू नका. पक्क्या लायसन्सच्या चाचणीत काय काय आलं पाहिजे याची यादी नियम १५ मध्ये आहे. चढावर थांबून, गाडी मागे न येऊ देता पुन्हा निघणं त्यात स्पष्ट लिहिलंय. हॅन्डब्रेक ओढायचा, हाफ क्लचवर गाडीचं नाक उचलल्यासारखं झालं की थोडी रेस देत हॅन्डब्रेक सोडायचा. 'पाय झटपट ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्या' हा शॉर्टकट मुरलेल्यांसाठी ठीक, नवशिक्यानं आधी हॅन्डब्रेकच शिकावा. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, तिथं हीच पद्धत लाज राखते. घाटाचा एक नियमही याच धड्यात शिकून घ्या. अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम कागदावर अनेक वर्षांपासून आहे. वरंध घाटात किंवा आंबेनळीत तो किती पाळला जातो, ते जाऊन आलेल्यांना विचारा.

रिव्हर्स हा क्लासमधला सगळ्यात दुर्लक्षित विषय. शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत उरकतात. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे गाडी घालायची वेळ आली की माणूस वॉचमनच्या 'येऊ द्या, येऊ द्या' वर विसंबतो आणि बंपर खांबाला जाऊन टेकतो. निदान तीन तास फक्त रिव्हर्सचे मागा. आरसे लावण्यापासून सुरुवात करा. शहरात मागच्या दाराचं हँडल आणि लगतचा रस्ता दोन्ही दिसतील असे बाजूचे आरसे हवेत. मास्तरांच्या सोयीसाठी वाकडा लावलेला आरसा स्वतःसाठी नीट करायला संकोच करू नका.

वेळही बदला. सगळे सकाळी सहाचा क्लास मागतात, कारण रस्ता रिकामा असतो. पहिल्या आठवड्यात ते बरोबर. पण शेवटचे काही तास संध्याकाळी सातचे घ्या, सांगली-मिरज रस्त्यावर. समोरच्यांचे अप्पर डोळ्यांवर घेत, रिक्षांना आणि बाजूनं घुसणाऱ्या दुचाकींना जागा देत गाडी चालवायची आहे ना? मग ते मास्तर शेजारी असतानाच होऊ द्या. पावसाळ्यात क्लास असेल तर पाऊस आला म्हणून सुट्टी घेऊ नका. वायपर, काचेवरची वाफ आणि ओल्या रस्त्यावर लांबणारा ब्रेक हे उन्हाळ्यात शिकवता येत नाही.

जाता जाता एक. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावायची खोड काही मास्तरही लावतात. ती उचलू नका. चारही दिवे गाडी रस्त्यात अडून उभी राहिली तर लावायचे असतात. चालत्या गाडीत ते लावले की उजव्या-डाव्या बाजूचा माणूस नेमका फसतो, कारण त्याला एकाच बाजूचा दिवा दिसतो.

या विषयावर आणखीही पत्रं आली आहेत. त्यांतली निवडक घेतो.

प्रश्न : मी नाशिकला कॉलेजात आहे. बाबा म्हणतात, "क्लासला पैसे कशाला, मी शिकवतो." चालेल का?

उत्तर : खासगी मोटारीच्या लायसन्ससाठी क्लासची सक्ती नाही. ट्रक, बस अशा जड वाहतुकीच्या वाहनांसाठी स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. बाबांकडून शिकताना तीन गोष्टी मात्र हव्यातच. तुझं शिकाऊ लायसन्स, शेजारी चालू लायसन्स असलेले बाबा आणि गाडीच्या पुढे-मागे 'एल' बोर्ड. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर, पाटी १८ सेंटिमीटर चौरस. हे सोंग वाटलं तरी विमा याच अटींवर उभा असतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत शिकाऊ चालकाला परवानगी असते ती हा नियम पाळला तरच. काचेला आतून कागद चिकटवून भागवू नकोस. वय १८ नसेल तर हा विषय इथंच संपला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

माझं मत विचारशील तर आधीचे दहा तास क्लासमध्ये घे, पुढचे बाबांबरोबर. घरच्या गाडीत बाबांच्या पायाशी ब्रेक नाही, त्यांच्या हाती फक्त हॅन्डब्रेक आहे. आणि बाबांच्या वीस वर्षांच्या खोडीही तुला फुकट मिळतील. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं ही त्यातली सगळ्यात वाईट. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लांब घाटात ब्रेक तापून ढिले पडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

प्रश्न : ठाण्यात राहतो. घरी ऑटोमॅटिक गाडी आहे. मग क्लच-गिअर शिकण्यात वेळ का घालवू?

उत्तर : आपल्याकडे दुचाकीत गिअरची आणि बिनगिअरची अशी लायसन्सं वेगळी असतात, मोटारीत तसा भेद नाही. हलक्या मोटारीचं लायसन्स दोन्ही गाड्यांना चालतं. त्यामुळे कायद्यानं तुम्ही मोकळे आहात. तरी जमत असेल तर गिअरची गाडी शिका, मित्राची किंवा भाड्याची गाडी हाती आली तर अडणार नाही. पुढेमागे मुलांकडे ब्रिटनला जाऊन तिथलं लायसन्स काढायचा बेत असेल तर आणखी एक. तिथं चाचणी ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. ऑटोमॅटिकवर शिकलात तर डावा पाय बाजूला स्वस्थ ठेवायची सवय पहिल्या मिनिटापासून लावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींसाठी उजवाच पाय.

प्रश्न : 'आता स्कूलचं सर्टिफिकेट असलं की आरटीओत चाचणी द्यावी लागत नाही' असा मेसेज फिरतो. नागपूरचे एक क्लासवालेही तेच सांगतात. खरं काय?

उत्तर : अर्धं खरं. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. अशा केंद्रातून पूर्ण कोर्स केला तर आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. पण हे केंद्र म्हणजे कोपऱ्यावरचा क्लास नव्हे. हलक्या मोटारींसाठी निदान एक एकर जागा, स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर, शिकवणारा बारावी पास. मोटारीचा कोर्स चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष आणि ८ तास वर्गात. साध्या स्कूलच्या १० तासांशी ताडून बघा. २०२४ च्या मे महिन्यात हा मेसेज जोरात फिरला तेव्हा केंद्रीय परिवहन मंत्रालयाला खुलासा करावा लागला होता की १ जूनपासून नवीन काही बदललेलं नाही. त्या क्लासवाल्यांना या मान्यतेचं पत्र दाखवायला सांगा. नेहमीचा स्कूलचा परवाना म्हणजे ती मान्यता नव्हे. आणि चाचणीला इतकं घाबरू नका. पुण्यात भोसरीजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर मोटारीची चाचणी होते, तिथं नापास झालेले नंतर पासही होतात. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. लागोपाठ तीनदा गेली तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहिते आहे. शाळेतून निवृत्त झाले, वय ५८. या वयात शिकू का, की लोक हसतील?

उत्तर : शिका. लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीनंतर अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, फॉर्म १अ. तुमच्या वयात लायसन्स ५ वर्षांचं मिळेल, मग नूतनीकरण. डोळे मात्र क्लास लावण्याआधी तपासा. चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि आपण रस्त्याला दोष देत बसतो. तरुणांपेक्षा तुम्हाला तास जास्त लागतील, तेव्हा पंधरा दिवसांचं पॅकेज घेऊच नका, तासावर बोला. बाईमास्तर शिकवणारे क्लासही आता शहरांत आहेत, मोकळेपणा वाटत असेल तर तसा शोधा. लोक हसतील ते गाडी बंद पडल्यावर, आणि ते पंचविशीतल्या मुलालाही हसतात.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातल्या क्लासमध्ये फॉर्म १५ चं रजिस्टर खरोखर भरलं जातं का आणि त्यात तुमच्या नावापुढे किती तास मांडलेत, ते विचारून बघा आणि आम्हाला कळवा. क्लासचं नाव लिहिलं नाही तरी चालेल, गावाचं मात्र लिहा.